विश्लेषण : कर सगळ्यांचा, मग उपचार आणि पेन्शन मोजक्यांनाच का?

राज्य सरकारने एखादी योजना जाहीर केली की बातमीखाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘आमच्या कराच्या पैशांवर किती दिवस वाटप?’ मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा हेच वाक्य त्यांच्यासाठी वापरले गेले. ‘लाडकी बहीण’ आली तेव्हा तेच वाक्य गावातल्या बायकांसाठी वापरले गेले. प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. कर भरणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहेच. पण हा हिशेब बहुतेकदा अर्धाच मागितला जातो. कर खरोखर कोण भरते आणि त्या करातून आजारपणात, म्हातारपणात सर्वाधिक आधार कोणाला मिळतो, हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले तर चित्र बरेच बदलते.

कर फक्त प्राप्तिकर भरणाराच भरतो का?

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. नोकरदारांसाठी प्रमाणित वजावटीसह ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. म्हणजे देशातले बहुसंख्य लोक प्राप्तिकराच्या बाहेर आहेत. यावरून ‘मूठभर लोक देश चालवतात’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तिथेच चूक होते.

२०२४-२५ मध्ये देशात २२ लाख कोटी रुपयांहून अधिक जीएसटी जमा झाला. तो भरायला पॅन कार्ड लागत नाही. दुकानात जाऊन वस्तू घेतली की तो भरला जातो. मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. १९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये सुमारे ३० रुपये कर असतो. महिना दहा हजार कमावणारी घरकामगार आणि महिना एक लाख कमावणारा इंजिनीअर हे दोघेही तेच ३० रुपये भरतात. तिच्या कमाईचा तो ०.३ टक्का आहे, त्याच्या कमाईचा ०.०३ टक्का. रक्कम सारखी, ओझे दहापट. पेट्रोल-डिझेलवरचे कर एसटीच्या तिकिटातून आणि भाजीच्या भावातून तिच्यापर्यंत पोहोचतात, ते वेगळेच.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर हे याचे आणखी ठळक उदाहरण आहे. महिना १२ हजार पगार असलेला पुरुष कर्मचारी वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो. महिना १२ लाख घेणारा कंपनीचा वरिष्ठ अधिकारीही २,५०० रुपयेच भरतो, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये १९८८ पासून तीच कमाल मर्यादा आहे. पहिल्यासाठी हा कर पगाराच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातो, दुसऱ्यासाठी त्याचा शंभरावा हिस्सा. गंमत म्हणजे हा कर १९७५ मध्ये आणला गेला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी, म्हणजे गरिबांच्या आधारासाठीच.

याचा अर्थ पगारदारांची तक्रार खोटी आहे असा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकरातून सुमारे १०.४ लाख कोटी रुपये आले, तर कंपनी करातून सुमारे ९.१ लाख कोटी. पगारातून कर आधीच कापला जातो, लपवायला वाव नसतो. कंपन्यांपेक्षा वैयक्तिक प्राप्तिकर भरणारे एकत्रितपणे जास्त भरतात, ही वस्तुस्थिती आहे. तक्रार खरी आहे, फक्त ती चुकीच्या पत्त्यावर पाठवली जाते.

आरोग्याच्या नावाने घेतलेला उपकर कुठे जातो?

प्राप्तिकर भरणाऱ्या प्रत्येकाच्या हिशेबात शेवटी एक ओळ असते : आरोग्य आणि शिक्षण उपकर, ४ टक्के. २०१८ च्या अर्थसंकल्पात जुना ३ टक्क्यांचा शिक्षण उपकर जाऊन हा आला. एक लाख रुपये कर बसला तर त्यावर आणखी ४,००० रुपये उपकर. नाव वाचून वाटते की हे पैसे रुग्णालयांकडे आणि शाळांकडे जात असतील.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली रचनेतली. केंद्राच्या विभाज्य करांपैकी ४१ टक्के वाटा राज्यांना मिळतो, पण उपकर आणि अधिभार या वाटपातून वगळलेले आहेत. उलट सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा घटनेनुसार राज्यांचा विषय. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरचा, परिचारिकेचा, औषधनिर्मात्याचा पगार राज्य देते. म्हणजे आरोग्याच्या नावाने पैसा जमा होतो एका ठिकाणी आणि आरोग्याची मुख्य जबाबदारी असते दुसऱ्या ठिकाणी. केंद्र तो पैसा राज्यांना योजनांमधून देऊ शकते, पण स्वतःच्या अटींवर. हक्काचा वाटा आणि अटींसह मिळणारे अनुदान यात फरक असतो.

दुसरी अडचण पारदर्शकतेची. या उपकरातला आरोग्याचा हिस्सा वेगळा ठेवण्यासाठी, वर्षअखेर रद्द न होणारा ‘प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी’ मार्च २०२१ मध्ये मंजूर झाला. उपकर सुरू झाल्यानंतर तीन वर्षांनी. करदात्याच्या कागदावर उपकराची रक्कम दिसते. ती कोणत्या रुग्णालयापर्यंत पोहोचली, हे त्या कागदावर दिसत नाही.

आजारपणाचे बिल शेवटी कोण भरते?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१४-१५ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६२.६ टक्के खर्च लोक थेट खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा मोठी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण १०० रुपयांतले ३९ रुपये अजूनही रुग्णाच्या खिशातून जातात. त्याच वर्षी सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

खिशातून होणारा खर्च हा माझ्या मते सर्वांत अन्यायकारक कर आहे. त्याला स्लॅब नसतो, सवलत नसते आणि त्याचा दर तुमचा आजार ठरवतो. जेवढे आजारी, तेवढा कर. आणि तो भरायची वेळ नेमकी तेव्हा येते, जेव्हा घरातले कमावणारे माणूस अंथरुणाला खिळलेले असते.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढवून ते सर्व नागरिकांसाठी खुले करण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला. शस्त्रक्रिया, रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे उपचार यासाठी ही मोठी सोय आहे. पण मधुमेह आणि रक्तदाबाची महिन्याची गोळी, बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, औषध दुकानाचे बिल यात येत नाही. घराचे महिन्याचे गणित बिघडते ते नेमके याच खर्चाने.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळे मोफत झाले. तो निर्णय चांगला होता. पण उपचार मोफत असूनही औषध शिल्लक नसेल तर डॉक्टर ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी लिहून देतात आणि मोफत हा शब्द तिथेच संपतो. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यूंची बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. मनुष्यबळ आणि औषधपुरवठ्यावरची चर्चा तेव्हा काही आठवडे चालली. अर्थसंकल्पातल्या टक्केवारीचा अर्थ वॉर्डात असा कळतो.

करसवलत म्हणजेही अनुदानच ना?

गरिबाच्या खात्यात पैसे गेले की त्याला आपण ‘रेवडी’ म्हणतो. मध्यमवर्गाला मिळते ती ‘सवलत’. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही.

जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या २५ हजारांपर्यंतच्या हप्त्यावर कलम ८० डी खाली वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे उपकरासह ७,८०० रुपये वाचतात. ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलेल्याचे १,३००. ज्याचे उत्पन्नच करपात्र नाही, त्याचे शून्य. म्हणजे गरज जितकी कमी, तितकी मदत जास्त. उताराची दिशाच उलटी आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. माझ्यासारख्या, स्वतःची पॉलिसी घेणाऱ्या नोकरदाराला त्याचा फायदा झाला आणि तो नको असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे पॉलिसीच नाही, त्याच्यासाठी त्या दिवशी काही बदलले नाही. त्यामुळे ‘आमच्या पैशांवर दुसरे’ असे म्हणताना आपणही कोणाच्या तरी ३० रुपयांवर थोडे उभे आहोत, हे लक्षात ठेवलेले बरे.

दहा वर्षांच्या नोकरीची किंमत : दहा हजार की एक हजार?

आता पेन्शन. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात निवृत्तिवेतनासाठी सुमारे २.७६ लाख कोटी रुपयांची तरतूद आहे. यात संरक्षण दलांचे निवृत्तिवेतनही आले. लाभार्थी साधारण ६५ ते ७० लाख. त्याच अर्थसंकल्पात निराधार वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाला ९,६५२ कोटी रुपये आहेत. लाभार्थ्यांची मर्यादा ३.०९ कोटी. म्हणजे लोक चौपटीहून जास्त आणि पैसा अठ्ठाविसाव्या हिश्श्याच्या आसपास.

ही तुलना करताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सैनिकाचे किंवा शिक्षकाचे निवृत्तिवेतन ही भीक नाही. तो नोकरीच्या काळात कमावलेला, उशिरा मिळणारा पगार आहे. तो काढून घ्या, असा मुद्दा इथे नाही. पण निवृत्तीनंतर सन्मानाने जगता यावे हे तत्त्व जर एका कामगाराला लागू असेल, तर दुसऱ्याला ते किती लागू आहे, हे विचारायलाच हवे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि लगेच महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. त्यात दहा वर्षे सेवा झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला किमान १०,००० रुपये पेन्शनची हमी आहे. सरकारचा हिस्सा मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १८.५ टक्के.

खासगी कारखान्यातल्या, सूतगिरणीतल्या, सहकारी साखर कारखान्यातल्या कामगारासाठी ईपीएस-९५ आहे. तिथेही पात्रतेसाठी दहा वर्षांचीच सेवा लागते. किमान पेन्शन : १,००० रुपये. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात, पण १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५० रुपये. केंद्र त्यात १.१६ टक्के घालते, म्हणजे महिना फार तर १७४ रुपये. सूत्रही साधे आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पंधरा हजार वेतनावर पंधरा वर्षे काम केले तर पेन्शन बसते ३,२१४ रुपये.

एक बाजू सरकारची नोकरी आहे, तिथे सरकार मालक म्हणून हिस्सा देते. दुसऱ्या बाजूला मालक वेगळा आहे. हा फरक मान्य. पण १,००० रुपयांचा हा आकडा १ सप्टेंबर २०१४ चा आहे. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तरी अकरा वर्षांत त्या हजाराची किंमत ५८५ रुपयांच्या आसपास उरते. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा सुधारला जातो. ईपीएसवाल्याला भत्ता नाही. महागाई दोघांच्याही बाजारात तीच असते. किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता या मागणीसाठी बुलढाण्यात ईपीएस-९५ पेन्शनरांचे साखळी उपोषण २०१८ च्या अखेरीस सुरू झाले. सत्तरी ओलांडलेली माणसे मंडपात बसून आयुष्यभर भरलेल्या वर्गणीचा हिशेब मागत राहिली.

आणि हे झाले पीएफ असलेल्यांचे. ज्यांचा पीएफच कधी कापला गेला नाही, अशा वृद्धांसाठी केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयापर्यंत महिना २०० रुपये आहे. पंधराहून अधिक वर्षे तो हललेला नाही.

६५ वर्षे पूर्ण झाली की काय होते?

महाराष्ट्रातल्या दोन योजनांचे निकष एकापुढे एक ठेवून पाहा. ‘लाडकी बहीण’ २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी आहे. रक्कम महिना १,५०० आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ६५ वर्षांनंतर तिथून नाव कमी होते. पुढे असते श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. रक्कम तीच, १,५०० रुपये. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार.

२१ हजारांना ३६५ ने भागले तर दिवसाला ५८ रुपयेही होत नाहीत. म्हणजे कुटुंबाचे उत्पन्न दिवसाला ६० रुपये असेल, तर कागदावर ते कुटुंब वृद्धापकाळाच्या मदतीसाठी जास्त श्रीमंत ठरते. जी बाई ६४ व्या वर्षी मदतीला पात्र असते, तीच ६६ व्या वर्षी, हातपाय थकल्यावर, अपात्र ठरू शकते. मग एकतर मदत बंद होते, नाहीतर तलाठी आणि तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारून कमी उत्पन्नाचा दाखला ‘बसवला’ जातो. नियमच असा असेल तर प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि ज्याची ओळख आहे तो आत जातो.

पण पैसा कुठून आणायचा?

हा आक्षेप रास्त आहे. पेन्शनचा खर्च एकदा वाढला की कमी होत नाही. आज दिलेल्या हमीचे बिल पुढची पिढी भरते आणि त्या पिढीत माझ्या वयाचे लोक पहिल्या रांगेत आहेत. देश म्हातारा होतो आहे. त्यामुळे ‘सगळ्यांना सगळे’ अशी घोषणा जबाबदारीची नाही.

पण थोडी आकडेमोड करू. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेचे लाभार्थी सुमारे २.२ कोटी आहेत. केंद्राने आपले २०० रुपये १,००० केले, तर वर्षाचा वाढीव खर्च ढोबळमानाने २१ हजार कोटी रुपये येतो. २०२५-२६ च्या प्राप्तिकर सवलतींमुळे सुमारे एक लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते. एकट्या महाराष्ट्राने ‘लाडकी बहीण’साठी त्या वर्षी ३६ हजार कोटींची तरतूद केली. म्हणजे पैसा नाही असे नाही. तो कोणासाठी आधी काढायचा, हा निवडीचा प्रश्न आहे. देशभरातल्या गरीब वृद्धांचा आवाज त्या रांगेत मागे राहतो, एवढेच.

इतर देशांनी हे केले आहे. थायलंडने २००२ च्या सुमारास सर्वसाधारण करांमधून सार्वत्रिक आरोग्य सेवा उभी केली. सुरुवातीला रुग्णाने ३० बाथ भरायचे, बाकी सरकारने. नेपाळ आपल्यापेक्षा गरीब आहे, तरी तिथे वृद्धांना मिळणारा मासिक भत्ता ४,००० नेपाळी रुपये, म्हणजे सुमारे २,५०० भारतीय रुपये आहे.

मग न्याय्य काय ठरेल?

एक, किमान पेन्शनला महागाईशी जोडणे. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो दरवर्षी आपोआप हलला पाहिजे. त्यासाठी उपोषणाला बसण्याची वेळ येऊ नये. अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून मागितली होती. अंतिम आकडा कोणताही असो, त्याला सूत्र हवे, हा त्यातला मुद्दा पटण्यासारखा आहे.

दोन, २१ हजारांची उत्पन्न मर्यादा रद्द करून ती निदान ‘लाडकी बहीण’इतकी करणे. वय वाढल्यावर निकष कडक होण्याला कोणतेही तर्कशास्त्र नाही.

तीन, आरोग्य उपकरात राज्यांना वाटा देणे. ते करायचे नसेल, तर जिल्हानिहाय त्याचा हिशेब जाहीर करणे.

चार, जिथे मालक एक नाही तिथे कामावर आकार लावणे. ही कल्पना आपल्याला नवी नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालाच्या मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही व्यापाऱ्याकडून मंडळात जमा होते आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, वैद्यकीय मदत मिळते. हमालाचा मालक दर तासाला बदलला तरी त्याचा निधी बदलत नाही. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर आणला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर चालणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची तरतूद आहे. मार्केट यार्डातल्या हमालासाठी जे साधले, ते पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या डिलिव्हरी कामगारासाठी साधायला हरकत नसावी. फक्त बांधकाम मंडळांसारखे होऊ नये, म्हणजे निधी पडून आणि कामगार नोंदणीच्या रांगेत.

अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण सगळे स्लॅब पाहतो. मीही डेस्कवर बसून पहिला तक्ता स्लॅबचाच तयार करतो, कारण वाचक तोच शोधतात. पण यापुढे त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे पाहायला हवेत : केंद्राचे २०० रुपये, ईपीएसचे १,००० आणि श्रावणबाळचे २१,०००. करव्यवस्था न्यायाच्या दिशेने सरकते आहे की नाही, हे स्लॅबपेक्षा या तीन आकड्यांवरून लवकर कळेल.